बाहुलीचा केक

व्हॅनचं मागचं दार लावण्याआधी हमीदभाईंनी खोक्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "उज्ज्वला, बाहुलीचं तोंड तुझ्याकडं का?"

 मी मांडी घालून खोक्याच्या मागं बसले, दोन्ही हातांनी खोकं धरलं आणि ऊन वाढतंय, निघू या, एवढंच म्हणाले. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, दार लावलं आणि गाडी सुरू केली.

वाईहून पाचगणीला केक न्यायचा तर पसरणीचा घाट चढावा लागतो, आणि घाटाचे म्हणून काही नियम असतात. चढाला सगळं मागं झुकतं. माणूस स्वतःला सावरतो, क्रीम सावरत नाही. म्हणून केकची पाठ नेहमी गाडीच्या मागच्या दाराकडं ठेवायची. झालर लोंबली, एखादं फूल घसरलं, तरी ते पाठीमागं होतं, आणि वाढदिवसाच्या गडबडीत केकची पाठ कुणी बघायला जात नाही. हा नियम मीच घालून दिलेला. बोर्डाखाली ओलं फडकं अंथरायचं म्हणजे बोर्ड सरकत नाही, हाही माझाच. नाव तर खाली वाईत लिहायचंच नाही. क्रीमचा कोन बर्फाच्या डब्यात घालून न्यायचा आणि वर पोचल्यावर लिहायचं, कारण घाटातल्या वळणांवर 'हॅपी बर्थडे'ची अक्षरं एकमेकांच्या गळ्यात पडतात. बेकरीत नवीन येणाऱ्या बायकांना मी हे सगळं घोकून घेत असे. आणि त्या दिवशी मीच माझा नियम मोडून बाहुलीला माझ्याकडं तोंड करून बसवलं होतं, कारण मला ती वाटभर बघायची होती. तो केक माझ्या मुलीचा होता.

शर्वरी त्या दिवशी सात वर्षांची होत होती. मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती.

तिच्या वडिलांचं कराडला ट्रॅक्टरचं मोठं दुकान आहे. आमचं का बिनसलं ते सांगत बसत नाही. टाळी एका हाताने वाजत नाही हे मलाही मान्य आहे. मी चार दिवस माहेरी, फलटणला म्हणून निघाले होते. शरूला ताप होता, प्रवास नको म्हणून सासूबाईंनी तिला ठेवून घेतलं. परत गेले तेव्हा दाराला आतून कडी होती. पुढं कोर्ट, तारखा, वकील. एका तारखेला कळलं की पोरीला पाचगणीच्या हॉस्टेलात घातलंय आणि तिला भेटायची परवानगी दोघांनाच आहे, बापाला आणि आत्याला.

मी एकदा गेले होते त्या फाटकापर्यंत. तिथला वॉचमन भला माणूस होता. त्याने मला खुर्ची दिली, प्यायला पाणी दिलं, आणि आत सोडलं नाही. त्या खुर्चीवर बसल्या बसल्या मी बघत होते. दूधवाल्याला त्याने थांबवलं, धोब्याची बोचकी उघडून पाहिली. मग एक व्हॅन आली. ड्रायव्हरने काचेतून एक पांढरं खोकं दाखवलं, आणि वॉचमनने हसत हसत फाटक सताड उघडलं. न विचारता आत गेलेली तेवढी एकच वस्तू मी त्या दुपारी पाहिली.

म्हणून मी केक शिकले. तोवर मला पुरणाच्या पोळीपलीकडं गोडाचं काही धड येत नव्हतं. साताऱ्याला एका बाईंकडं क्लास लावला, स्पंज जाळले, क्रीम फाडलं, बोटं भाजून घेतली, आणि हात बसल्यावर ती व्हॅन ज्यांची होती त्या हमीद बागवानांच्या बेकरीत येऊन उभी राहिले. खारी, टोस्ट आणि नानखटाई यांच्यावर सगळी हयात काढलेला माणूस. केकवर त्यांच्या हातची गुलाबाची फुलं कोबीच्या गड्ड्यांसारखी दिसायची आणि हे त्यांना स्वतःला ठाऊक होतं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? मी का आले ते त्यांना सरळ सांगून टाकलं.

 ते पंख्याकडं बघत म्हणाले, "ठेवतो तुला. पण एक शब्द दे. तू कोण आहेस ते त्या पोरीला सांगायचं नाही. माझी हॉस्टेलं जातील ते जाऊ दे, तुझी केस जाईल. त्यांचा वकील म्हणेल, ही बाई चोरून भेटते."

मी शब्द दिला. त्या वेळी मला शब्द द्यायला काहीच वाटलं नाही. नुसतं त्या फाटकाच्या आत जायला मिळालं तरी पुष्कळ, असं वाटत होतं.

खोक्यामागं बसलेल्या बाईकडं वॉचमन कधी बघायचाही नाही. पण आत जाणं म्हणजे तरी काय? केक स्वयंपाकघराच्या दारात द्यायचा, मेट्रनबाईंची सही घ्यायची, मागं फिरायचं. दोन वर्षं मी कुणाकुणाच्या मुलांचे केक तिथं पोचवले. दुबईतले, नागपुरातले, कुठले कुठले आईबाप फोनवरून सांगायचे, त्याला चॉकलेट आवडतं हं, तिच्या केकवर ससा काढा. मी ससे काढले, मोटारी काढल्या, फुटबॉल काढले. शर्वरीच्या वाढदिवसाला मागच्या वर्षी तिचा बाप स्वतः आला आणि तिला हॉटेलात घेऊन गेला. त्या दिवशी मी दिवसभर खारीच्या पाकिटांना चिकटपट्ट्या लावत बसले होते.

यंदा त्याला जमत नव्हतं. आत्याने कराडहून फोन केला. फोन हमीदभाईंनीच घेतला. ठेवल्यावर ते भट्टीपाशी आले, हात पुसले आणि म्हणाले, "ती ऑर्डर आली."

बाहुलीचा केक हवा होता. गुलाबी फ्रॉक, खाली भरपूर झालर, आणि दिसायला भारी दिसला पाहिजे. ज्यांनी हा केक पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. वाडगा उपडा ठेवावा तसा स्पंज कापायचा, मधोमध भोक पाडायचं, बाहुलीचे पाय प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून तिला कमरेपर्यंत आत उभी करायची. मग तो स्पंज म्हणजे तिचा घेर. त्याच्यावर खालून वर क्रीमच्या झालरी चढवत न्यायच्या. मार्च महिना. वाईत मार्चमध्ये लोणी सुद्धा फ्रीजच्या बाहेर यायला भितं. मी पहाटे उठून बसले. एक झालर घालायची, केक फ्रीजमध्ये ठेवायचा, गार झाला की पुढची. शरू बाळ असताना तिचे सगळे फ्रॉक मी घरी शिवत असे, जुन्या साड्यांचे, पुढं चुण्या घालून. मधल्या वर्षांत शिवायचे राहून गेलेले सगळे फ्रॉक मी त्या एका केकवर शिवले. हमीदभाई दोनदा येऊन बघून गेले. नेहमी ते काहीतरी खोडी काढायचे, त्या दिवशी काही बोलले नाहीत.

घाट अर्ध्यावर आला तोवर सगळं ठीक होतं. माझ्यापुढं ती बाहुली डुलत होती आणि मी तिच्याकडं बघत होते. देवळाच्या वळणावर वरून एसटी उतरली, हमीदभाईंनी ब्रेक दाबला आणि मग चढाला पुन्हा गाडी ओढली. त्या हिसक्याने पुढची मधली झालर सुटली. माझ्या डोळ्यांदेखत ती हळूहळू खाली आली, आपल्याबरोबर खालच्या दोन झालरी घेऊन आली आणि बोर्डाच्या काठावर ढीग होऊन बसली. बाहुली पुढं कलली. मी खोक्यात हात घालून तिच्या छातीला दोन बोटं लावली आणि उरलेला घाट तशीच बसून राहिले. हाताला मुंग्या आल्या, मग हात आहे की नाही तेच कळेना.

वर सपाटीला आल्यावर हमीदभाईंनी गाडी झाडाखाली घेतली, मागचं दार उघडलं आणि पाहिलं. पहाटेपासूनच्या राबण्यावर पाणी पडलं होतं.

"मुद्दाम केलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. तिच्याकडं बघत होते, म्हणून तोंड इकडं ठेवलं."

ते थोडा वेळ केकवरून माझ्याकडं आणि माझ्यावरून केककडं बघत राहिले. मग दाढी खाजवत म्हणाले, "आता दुरुस्तीला तुला आत बसावं लागेल. दारातून नाही जमायचं." आणि हे बोलताना त्यांच्या तोंडावर जे आलं ते हसू होतं की काय, मला कळलं नाही.

हॉस्टेलच्या मेट्रन मिसेस वर्गीस म्हणून होत्या. उंच, केस घट्ट बांधलेल्या, मराठी मोजून बोलणाऱ्या. केकची दशा पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. मुली खेळून, हातपाय धुऊन हॉलमध्ये येणार, त्याच्या आत हे नीट झालं पाहिजे, असं त्यांनी सुनावलं. मला हॉलच्या कोपऱ्यात एक टेबल दिलं आणि मदतीला गजरामावशीला पाठवलं. गजरामावशी हॉस्टेलात वाढपी होती, जवळच्याच गावची. मी तिला स्वयंपाकघराच्या दारात दर खेपेला बघत असे, पण बोलायची वेळ कधी आली नव्हती.

तिने बर्फ आणून दिला आणि पदराने वारा घालत बाजूला उभी राहिली. सुटलेलं क्रीम मी सुरीने काढून टाकलं, फ्रॉकचा पुढचा भाग स्पंजापर्यंत उघडा केला आणि बर्फाच्या डब्यात आणलेल्या जादा क्रीमने पहिल्यापासून भरायला घेतला. हात चालू ठेवून, सहज विचारावं तसं विचारलं, की ही मुलगी कशी आहे?

"लई शानी पोर हाय," गजरामावशी म्हणाली. "कुनाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई. आय आमेरिकेला आसती म्हनं तिची."

सुरी माझ्या हातातच राहिली. "कोण म्हणतं?"

"तीच सांगती समद्या पोरींना. बापानं सांगितलं आसंल, आपल्याला काय ठावं." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "येवढ्या पोरींचं वाढदिस हुत्यात हितं, पर ववाळत न्हाईत कुनाला. फुकायचं आन कापायचं. आसा कुठं वाढदिस आसतोय व्हय?"

मी झालर घालत राहिले. पण हातापुढं केक दिसेना, दिसायला लागलं ते कराडचं घर. शरूचा तिसरा वाढदिवस. पाट मांडला होता, भोवती रांगोळी होती, मी तिला कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या, सुपारी आणि अंगठी ओवाळली, मग तबक ओवाळलं. तबक खाली ठेवते न ठेवते तोच तिने गाल फुगवले. शेजारच्या पोराच्या वाढदिवसाला तिने केक कापताना बघितला होता. मी पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. म्हटलं, "ओवाळलेला दिवा फुंकायचा नाही, शरू. त्याचा तो जाऊ द्यायचा." मग आम्ही दोघी त्या निरांजनापुढं बसून राहिलो, तूप संपून ज्योत जाईपर्यंत. ज्योत गेल्यावर ती मोठ्या गंभीरपणे म्हणाली होती, "गेला." मी किती हसले होते.

दुरुस्ती संपता संपता मुली आल्या. निळे फ्रॉक, ओले केस, पावडरचा वास. त्या भिंतीला लागून ओळीने उभ्या राहिल्या. मी रोज रात्री डोळे मिटून तिला मोठी करत आले होते, साडेतीनाची चार, चाराची पाच. मला वाटायचं, हजारांत ओळखेन. ओळीत तिसरी एक गोरी, दोन वेण्यांची, हसरी मुलगी होती. तीच. तिच्या गालावरची खळीसुद्धा मला ओळखीची वाटली. मी तिच्याकडं बघत राहिले, डोळे भरून येऊ नयेत म्हणून दातांखाली जीभ धरून.

"शर्वरी, पुढं ये," मिसेस वर्गीस म्हणाल्या.

आणि ओळीच्या पार दुसऱ्या टोकाकडून एक सावळी, उंच, बारीक मुलगी बाहेर आली. मी भलत्याच पोरीकडं बघत होते.

 

ती टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिचं डोकं माझ्या कोपराच्या जरा वर लागत होतं. मी बर्फातून कोन काढला आणि बोर्डावर नाव लिहायला घेतलं. तिने दोन्ही हात पाठीशी धरले होते आणि ती माझ्या हाताकडं लक्ष देऊन बघत होती.

"तुम्ही नाव आधी का नाही लिहिलं?" तिने विचारलं.

"घाटात पुसतं."

तिने मान हलवली. मग बोट न लावता, नुसतं दाखवून म्हणाली, "फ्रॉक इथं वेगळा दिसतोय."

"तिथं फाटला होता. शिवला."

"कुणी?"

"मी."

"छान शिवलाय," ती म्हणाली.

 शर्वरीमधली शेवटची वेलांटी जरा वाकडी राहिली ती राहिलीच.

हॉस्टेलात एकच मेणबत्ती लावायची पद्धत होती, मुलींचे केस पेटतील या भीतीने. मी पंखा बंद करायला सांगितला, बाहुलीच्या पुढं मेणबत्ती खोचली आणि पेटवली. केक आता मधल्या मोठ्या टेबलावर न्यायचा होता, सगळ्याजणी तिथं गोळा झाल्या होत्या आणि शर्वरी मधोमध उभी होती. मी बोर्ड दोन्ही हातांनी उचलला. चांगला जड होता. चालत तिच्यासमोर गेले, आणि टेबलावर ठेवायच्या ऐवजी थांबले.

ठरवून केलं असं म्हणणार नाही. हातांनी केलं. त्या जड केकसकट हात तिच्या चेहऱ्यापुढून उजवीकडून वर गेले, डावीकडून खाली आले. एकदा. पुन्हा एकदा. मेणबत्तीची ज्योत झुकायची आणि परत उभी राहायची, आणि बाहुली आपल्या गुलाबी फ्रॉकात गोल फिरत होती. मुलींना वाटलं मी केक सगळ्या बाजूंनी दाखवतेय. कुणीतरी म्हणालं, इकडं पण, इकडं पण दाखवा. मी तिसऱ्यांदा फिरवला. मनात म्हटलं, औक्षवंत हो, बाळा. एवढंच म्हटलं, आणि तेही मनात.

गजरामावशी ताटल्या घेऊन दारात आली होती. ती तिथंच थबकली. ताटल्या ठेवून आत गेली, लगेच बाहेर आली आणि शर्वरीच्या मागून जाता जाता तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मी केक टेबलावर ठेवला तेव्हा तिच्या भांगात तांदळाचे तीन-चार दाणे अडकलेले दिसले. त्या बाईला किती कळलं होतं, कुणास ठाऊक. मी तिला कधी विचारलं नाही.

मुलींनी गाणं म्हटलं. टाळ्या झाल्या. सगळ्या म्हणायला लागल्या, फुंक, फुंक. शर्वरी मेणबत्तीकडं बघत उभी होती.

"फुंक मार, बेटा," मिसेस वर्गीस म्हणाल्या.

"ओवाळलेला दिवा फुंकायचा नाही," शर्वरी म्हणाली. "त्याचा तो जाऊ द्यायचा."

मी टेबलाचा काठ धरला.

"हे तुला कुणी सांगितलं?" मिसेस वर्गीसनी विचारलं.

ती विचार करायला लागली. खूप लांबचं काही आठवताना मुलं डोळे बारीक करतात तसे तिने केले. मग तिने नकारार्थी मान हलवली.

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण तसंच असतं."

 मिसेस वर्गीसनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि त्यांची नजर माझ्यावर जरा जास्त वेळ राहिली. मला वाटलं, संपलं सगळं. पण त्या मुलींना म्हणाल्या की आणखी गाणी म्हणा, मेणबत्ती जाईपर्यंत आपण थांबू. आणि मला म्हणाल्या, "तुम्ही इथंच उभ्या राहा. मेण केकवर पडू देऊ नका."

म्हणून मी उभी राहिले. हातात चमचा घेऊन, ज्योतीखाली धरून, माझ्या मुलीच्या शेजारी. मुली त्यांना येत होती तेवढी सगळी गाणी म्हणत होत्या. शर्वरी गात नव्हती, ज्योतीकडं बघत होती. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. मानेवर, कानाच्या मागं, तिचा लहानपणीचा तीळ अजून होता. ओळखण्यासाठी मी आधी तोच बघायला हवा होता. एकदा तिचा दंड माझ्या हाताला लागला आणि तिने तो बाजूला घेतला नाही. ती मेणबत्ती आमच्याच बेकरीतली, डझनाच्या पुड्यातली, काडीइतकी बारीक. तिच्यात मेण ते किती असणार? ती दर क्षणाला खुजी होत चालली होती. मी देवाला दुसरं काही मागितलं नाही. नुसतं म्हणत होते, जळू दे, थोडा वेळ जळू दे.

ज्योत निळी झाली, चमच्याकडं वाकली आणि गेली. धुराची एक रेघ वर गेली.

"गेला," शर्वरी हळूच म्हणाली.

केक कापला गेला. पहिला तुकडा तिने मिसेस वर्गीसना भरवला, मग मैत्रिणींना. मी डबे आवरत होते. कोन धुतला, सुरी पुसली, बर्फ मोरीत ओतला. जितकं हळू आवरता येईल तितकं हळू आवरलं. निघताना ती कागदी ताटली घेऊन माझ्यामागं आली.

"हा तुमचा," ती म्हणाली. "शिवलेला भाग आहे. तो मी कुणाला दिला नाही."

मी ताटली घेतली. माझ्या तोंडून शब्द फुटला असता तर मी दिलेला शब्द मोडला असता, हे नक्की. फुटला नाही. ती दोन पावलं मागं गेली, वळली आणि मुलींच्यात मिसळली. पाठमोऱ्या इतक्या निळ्या फ्रॉकांत या वेळी मात्र मी तिला बरोबर ओळखलं.

परतीच्या वाटेवर मी पुढच्या सीटवर बसले, मांडीवर ताटली घेऊन.  अर्धा घाट उतरल्यावर हमीदभाईंनी विचारलं, "बोललीस तिच्याशी?"

"फ्रॉकबद्दल बोललो."

"तू कोण ते?"

"नाही." मी मांडीवरची ताटली सरळ केली. "ओवाळलं."

त्यांनी गाडी आणखी हळू केली. उतारावर रिकाम्या गाडीला इतकं जपून चालवायचं काही कारण नव्हतं. खाली वाईत आल्यावर मी त्या तुकड्याचे दोन भाग केले, एक त्यांना दिला. क्रीम वितळून गेलं होतं.

जूनमध्ये तिच्या बापाने तिला तिथून काढलं आणि उटीकडच्या शाळेत घातलं. गजरामावशीकडून कळलं. मिसेस वर्गीस काही बोलल्या असतील असं मला वाटत नाही. कोर्टाने पुढं मला भेटीचा हक्क दिला, पण तो कागदावर राहिला. भेटीच्या तारखेला ती कधी आजारी असायची, कधी परीक्षा असायची. पुढं ती सज्ञान झाली आणि कोर्टाचा प्रश्नच मिटला. तिला सगळं ठाऊक असेल किंवा नसेल. त्या दिवसानंतर ती मला दिसलेली नाही.

हमीदभाई आता नाहीत. बेकरी त्यांची सून आणि मी चालवतो. घाटाचे नियम तेच आहेत. केकची पाठ मागं, ओलं फडकं खाली, नाव वर पोचल्यावर. फोनवर एखाद्या तरुण मुलीचा आवाज आला की मी आधी वजन विचारते, मग चव, मग रंग, आणि नाव सगळ्यात शेवटी विचारते. त्यांची सून म्हणते, काकू, नाव आधी विचारलं तर काय बिघडेल? मी म्हणते, बिघडत काही नाही.

आणि गिऱ्हाइकाला केक देताना मी एक विचारते, की मेणबत्ती फुंकणार की जाऊ देणार? लोक हसतात. फुंकणार असाल तर बारीक देते, म्हणते, जाऊ देणार असाल तर जाड. आजवर सगळ्यांनी बारीकच नेली. जाड मेणबत्त्यांचा पुडा तरीही मी दर मार्चमध्ये नवा आणून ठेवते.